मेस्त्रींचा लाल खटका

“फिटर कधी रिटायर होत न्हाई! लई तर त्याच्या हातातला पाना बदलतोय!”

हे आकाराम मेस्त्रींचं ब्रीद. कारखान्यानं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला, त्या समारंभातसुद्धा त्यांनी माइकवरून हेच ठणकावून सांगितलं. आणि घरी आल्याआल्या पहिलं काम काय केलं? ते घड्याळ उघडून आत काय आहे ते बघितलं! घड्याळ तेव्हापासून पावणेचारच्या पुढं गेलेलं नाही, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.

मेस्त्रींनी चौतीस वर्षं साखर कारखान्यात काढली होती. तिथली रीत अशी, की गळीत हंगाम संपला की अख्खा कारखाना खोलायचा. एकेक नट, एकेक बेअरिंग बाहेर काढायचं, रॉकेलनं धुवायचं, ग्रीस लावायचं आणि जागच्या जागी परत बसवायचं. मग पाहुणे बोलवायचे, बॉयलर पेटवायचा, उसाची पहिली मोळी टाकायची आणि साखर वाटायची. ही सवय अंगात मुरवून हा माणूस गडमुडशिंगीच्या तीन खोल्यांच्या घरात येऊन बसला होता. दोन वर्षांत मिक्सर तीनदा खोलून झाला, शिलाई मशीन दोनदा. सरुबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आपला चांगला कुकर आधीच शेजारच्या तानाबाईंकडे सुरक्षित नेऊन ठेवला होता.

खरं सांगायचं तर मेस्त्रींना आतून फार वाईट वाटायचं. कारखान्यात काही अडलं की “मेस्त्रींना बोलवा!” अशी हाक उठायची. इथं दोन वर्षांत कुणी हाकच मारली नव्हती.

आणि अशात सोनमनं हाक मारली!

सोनम ही त्यांची एकुलती एक लेक, कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. साल दोन हजार सहा. तिनं प्रोजेक्ट म्हणून गावासाठी एक वाचनालय कॉम्प्युटरवर बांधलं होतं. नुसतं चित्र नव्हे हं! गेटातून आत शिरायचं, पायऱ्या चढायच्या, पुस्तकांच्या कपाटांमधून फिरून यायचं, असं सगळं पडद्यावर. पण घरातला कॉम्प्युटर जुना, तोही कुणीतरी वापरून सोडलेला. गेटातून आत शिरून पहिल्या पायरीवर पाय पडेपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. सोमवारी पुण्याहून परीक्षक येणार होते. कॉलेजातले कॉम्प्युटर याच्याहून म्हातारे, म्हणून हाच डबा उचलून तिकडं न्यायचा होता. आणि वाचनालय फ्लॉपीत मावत नव्हतं, त्यामुळं चार महिन्यांची मेहनत त्या एका डब्यात होती, दुसरीकडं कुठंही नव्हती.

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्या सूरजनं उपाय सांगितला होता. नवं ग्राफिक्स कार्ड घाला, म्हणजे चित्र पळेल. आणि ते कार्ड खादाड, म्हणून पॉवर सप्लायही मोठा घाला. “बैलाला जास्त ओढाय लावायचं तर वैरणबी वाढवाय पायजे की!” असं त्यानं समजावलं होतं. दोन्ही खोकी घरात येऊन पडली होती.

“आबा, खोकी जरा माळ्यावर ठेवताय का? सूरजदादा रविवारी येऊन बसवून देतो म्हणालाय,” सोनम म्हणाली. एवढीच काय ती हाक!

“का? आमचं हात मोडल्यात व्हय?”

“तसं न्हवं आबा. ते नाजूक असतंय.”

“नाजूक! अगं, टनावारी वजनाचा रोलर मी केसभर हलू दिला न्हाई. आणि हितं चार स्क्रू पिळाय रविवारची वाट बघू?”

“पण माझं वाचनालय त्यातच हाय...”

“फिटर कधी रिटायर होत न्हाई, पोरी!”

सोनमनं आबांच्या तोंडाकडं बघितलं. दोन वर्षांत तिथं असला उजेड तिला दिसला नव्हता.

“बसवा. पण नुसतं तेवढंच बसवा.”

नुसतं तेवढंच! मांजराला दूध राखायला बसवून ‘नुसतं बघत बस’ म्हणण्यातला प्रकार!

शुक्रवारी दुपारी सोनम कॉलेजातून आली, तर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर स्टीलच्या अकरा ताटल्या मांडलेल्या. पंगत बसल्यासारखं दिसत होतं, फक्त वाढलेलं काहीतरी वेगळंच! एका ताटलीत स्क्रू, एकीत वायरी, एकीत पंखा. प्रत्येकीपुढं खडूनं नंबर. मधोमध मेस्त्री चष्मा कपाळावर चढवून सायकलच्या पंपानं एका हिरव्या पाटीवरची धूळ उडवत होते.

“आबा! हे काय?”

“ओव्हरहॉलिंग! एवढ्या वर्षांत कुणी खोललाच न्हवता. आत उंदरानं संसार मांडायचा तेवढा बाकी होता.”

“आबा... माझं वाचनालय कुठाय?”

मेस्त्रींनी तिसऱ्या ताटलीवरचं पालथं पातेलं उचललं. खाली हार्ड डिस्क होती.

“मांजर तोंड लावील म्हणून झाकून ठेवलंय.”

सोनम भिंतीला टेकली ती तशीच खाली बसली. सरुबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“पी आणि गप बस. रॉकेलचा डबा हातातनं काढून घेटला मी, एवढं माझं उपकार मान.”

पण मेस्त्रींच्या हाताला दाद द्यायलाच हवी. दिवेलागणीपर्यंत अकराच्या अकरा ताटल्या रिकाम्या झाल्या, नवं कार्ड बसलं, नवा पॉवर सप्लाय बसला, वायरी सुतळीनं नीट बांधल्या गेल्या, आणि एकही स्क्रू उरला नाही. तुम्ही-आम्ही नुसता टॉर्च उघडला तरी एक स्प्रिंग उरते!

सोनमनं बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला, थबकला आणि बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“आबा, मोडलं!”

“मोडतंय कशानं? आधी वैरण बघूया,” म्हणत मेस्त्रींनी मीटर आणला आणि त्याच्या दोन काड्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसल्या. “हे बघ! एकशे पस्तीस!”

आता गडमुडशिंगीतल्या संध्याकाळच्या लाईटीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. दिवसभर लोडशेडिंग. सहाच्या सुमाराला लाईट आली रे आली, की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि घराघरातले दिवे मलूल पडायचे. ट्यूब लागायची नाही. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्याची पाती मोजता यायची. दोनशे तीसच्या जागी एकशे पस्तीस व्होल्ट, हे गावाला अंगवळणी पडलेलं होतं.

मेस्त्रींनी डबा फिरवून नव्या पॉवर सप्लायची पाठ बघितली. तिथं नखाएवढा एक लाल खटका होता. एका बाजूला लिहिलेलं २३०, दुसऱ्या बाजूला ११५. मेस्त्रींचे डोळे लकाकले.

“सोनम, एकशे पस्तीसातनं एकशे पंधरा गेलं, किती राहिलं?”

“वीस.”

“आणि दोनशे तिसाला किती कमी पडत्यात?”

“पंच्याण्णव.”

“मग आपल्याला जवळचं कुठलं?”

वाचकांपैकी जे जाणकार आहेत त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. जरा थांबा, अजून मारायला जागा आहे.

“आबा, एकदा सूरजदादाला फोन करूया का?”

“त्याला काय इचारायचं? त्यो राजारामपुरीत ऱ्हातोय. तिथं लाईट असती. कंपनीनं ह्यो खटका गावाकडच्या लोकांसाठीच ठेवलाय!” आणि मेस्त्रींनी नखानं खटका ११५ वर सरकवला. “हं, दाब आता!”

सोनमनं दाबलं. आणि काय सांगू! पंखा भुरभुर सुरू झाला, पडदा उजळला, आणि वाचनालयाचं गेट उघडून ती सरसर पायऱ्या चढली, कपाटांमधून फिरली, गच्चीवर जाऊन आली. चहाचं आधण ठेवायलाही वेळ मिळाला नाही!

“आबा! तुम्ही लईच भारी!” म्हणून सोनम त्यांच्या गळ्यातच पडली.

मेस्त्री भिंतीवरच्या बंद घड्याळाकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पोरीला दिसू द्यायचे नव्हते.

इथंच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. पण मेस्त्रींनी कॉम्प्युटर बंद केला आणि जाहीर केलं, “ट्रायल झाली. आता समारंभ झाल्याबिगर यंत्राला हात लावायचा न्हाई!”

“कसला समारंभ?”

“हंगाम असाच सुरू करत्यात व्हय? उद्या संध्याकाळी साडेसहाला. चार माणसं बोलवू, साखर वाटू. आणि प्रमुख पाहुणं गणपतराव!”

गणपतराव म्हणजे गावचे वायरमन. पाहुणे निवडण्यात मेस्त्रींचा हिशोब होता. ऐन समारंभात लाईट जाऊ नये, तर लाईट ज्याच्या हातात आहे त्यालाच पाटावर बसवावं!

पण त्या आमंत्रणानं गणपतरावांच्या काळजात काय हललं, ते मेस्त्रींना कळलं नाही. वीस वर्षांत गावानं गणपतरावांना फक्त शिव्या द्यायला शोधलं होतं. शनिवारी सकाळी मेस्त्री दारात येऊन “आमच्या पोरीच्या कॉम्प्युटरचं उद्घाटन तुमच्या हस्ते” म्हणाले, तेव्हा गणपतरावांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि चहा पाजला. आपल्यासाठी एवढं करतात, तर आपणही काहीतरी केलं पाहिजे! दुपारी लाईट नसताना ते गुपचूप मेस्त्रींच्या घरासमोरच्या खांबावर चढले आणि खांबावरच्या ज्या तारेवर, म्हणजे फेजवर, मोटारी नव्हत्या, तिच्यावर घराची वायर टाकून आले. कुणाला बोलले नाहीत. ऐनवेळी चकित करायचं होतं.

शनिवारी साडेसहा वाजता सोपा भरला. सरुबाईंनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. डब्याला फुलांची माळ, परातीत साखर, तानाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. आणि लाईट आली!

अहो, लाईट म्हणजे काय लाईट! संध्याकाळी कधीच न लागणारी ट्यूब भक्कन पेटली. पंख्यानं मेणबत्ती विझवली आणि तानाबाईंचा पदर उडवला.

“अगं बया! लग्नाच्या मांडवासारखा उजेड पडलाय की!” तानाबाई म्हणाल्या.

गणपतराव जमिनीकडं बघत लाजून हसले. मेस्त्रीही वर ट्यूबकडं बघून हसले. खुशीत होते ना! चौतीस वर्षं यंत्रं हाताळलेल्या माणसाला त्या क्षणी एवढंच वाटलं, की आज आपला दिवस चांगला आहे.

“पावणं, आधी भिंतीवरचं बटण, मग डब्यावरचं,” मेस्त्रींनी सांगितलं.

गणपतराव बाह्या सावरून उठले. “खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!” असं म्हणून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं.

डब्यावरच्या बटणापर्यंत काही ते पोचले नाहीत.

धडाम्! डब्याच्या पाठीतून ठिणगी उडाली, धुराचा लोट निघाला, आणि घरातली लाईट गुल! साखरेची परात कुणाच्या तरी गुडघ्याला लागून उपडी झाली. “बाँब, बाँब!” करत तानाबाई अंगणात पळाल्या. त्यांच्यामागून साखरेवरून घसरत बाकीची मंडळी पळाली. अर्ध्या मिनिटात सोपा रिकामा. आत उरले मेस्त्री, सरुबाई, सोनम आणि बटणावर बोट तसंच ठेवून पुतळा झालेले प्रमुख पाहुणे.

“मी... मी तर चांगली लाईट दिलती,” गणपतराव पुटपुटले.

“दिलती म्हंजे?”

“फेज बदलून दिलता. तुमचा मान म्हणून.”

मेस्त्रींनी फ्यूज बांधला, मीटर आणला, काड्या खुपसल्या. दोनशे अडतीस! त्यांनी त्या लाल खटक्याकडं बघितलं. एकशे पंधराच्या तोंडात दुप्पट वैरण कोंबली गेली होती!

सोनम ओरडली असती तर बरं झालं असतं. डब्यावरची माळ काढून तिनं बाजूला ठेवली, डब्याला हात लावून बघितला, आणि आत जाऊन बसली. मेस्त्री त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पोरीनं आपल्यावर भरवसा टाकला आणि आपण तिची चार महिन्यांची मेहनत जाळली, हे त्यांना गिळवत नव्हतं.

रविवारी सकाळी सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिघं दाटीवाटीनं बसले होते. एका बाजूला सोनम, एका बाजूला गणपतराव, आणि मध्ये वाकळेत गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन मेस्त्री.

“पावणं, काय हाय वाकळंत?” समोरच्या माणसानं विचारलं.

“पेशंट हाय,” मेस्त्री म्हणाले. त्यावर जीपभर कुणी काही विचारलं नाही. ड्रायव्हरनं खड्डे मात्र चुकवले.

दुकान बंद होतं, पण सूरज वरच्याच मजल्यावर राहायचा. तो अर्धी दाढी साबणात ठेवून खाली आला. डब्याला नाक लावून त्यानं वास घेतला, पाठ फिरवून बघितली आणि भुवया वर चढवल्या.

“ह्यो लाल खटका एकशे पंधरावर कुणी केला?”

मेस्त्रींनी तोंड उघडलं.

“मी केला!” गणपतराव मध्येच म्हणाले. “लाईट मी वाढवली, सगळी चूक माझी!”

“न्हाई सूरजदादा, मी केला,” सोनम म्हणाली. “आबांना मीच तसं सांगितलं.”

“गप बसा रं दोघंबी!” मेस्त्री गरजले. “खटका म्या केलाय! हिशोब करून केलाय! दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई!”

सूरजनं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, मग खटक्याकडं.

“नखानं सरकतोय की हो ह्यो. एवढ्यासाठी तुमाला तीन माणसं लागली?”

मेस्त्री सोनमकडं बघत होते. आपल्या लेकीनं, जिचं सगळं गेलं होतं तिनं, आपल्याला वाचवायला खोटं बोलावं! त्यांना लाजही वाटली आणि अभिमानही, आणि दोन्ही एकदमच.

सूरजनं डबा खोलला, जळका पॉवर सप्लाय काढला, दुसरा जोडला, खटका २३० वर आहे ना ते दोनदा तपासलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. सोनमनं माऊस हलवला, आणि वाचनालयाचं गेट उघडलं. पायऱ्या, कपाटं, गच्ची, सगळं जागच्या जागी!

“पॉवर सप्लायनं जीव दिला, पण बाकीच्याला वाचवलं,” सूरज म्हणाला. “आणि काका, आतली फिटिंग कुणी केलीया? दहा वर्षांत असली साफ फिटिंग मी बघितली न्हाई.”

ह्या प्रश्नावर मात्र गणपतराव आणि सोनम दोघांनीही मेस्त्रींकडं बोट केलं.

“मग ह्यो खटका ठेवलाय कुणासाठी?” मेस्त्रींनी हळूच विचारलं.

“अमेरिकेसाठी. तिकडं लाईट एकशे पंधराचीच असती.”

“आरारारा!” मेस्त्रींना मनापासून कळवळा आला. “म्हंजे तिकडंबी संध्याकाळी मोटारी चालू असत्यात?”

येताना त्यांनी सूरजकडून एम-सील मागून घेतलं आणि लाल खटक्यावर असं थापलं की आता तो अमेरिकेच्या अध्यक्षालाही सरकवता येणार नाही.

सोमवारी परीक्षक वाचनालयात दोनदा फेरी मारून आले आणि गच्चीवर जिना अरुंद आहे एवढीच खोट काढून गेले. सोनम पेढे घेऊन घरी आली. बातमी गल्लीत पसरली आणि संध्याकाळी वाचनालय बघायला पुन्हा माणसं जमली. सगळी अंगणात, उंबऱ्यापासून दहा हात लांब! तानाबाई तर कठड्याच्या पलीकडं.

एक गोष्ट राहिली सांगायची. ‘मेस्त्रींच्या घरात उजेड आणि आम्ही काय अंधारात बसायचं?’ म्हणून गल्लीनं गणपतरावांना घेरलं होतं, आणि त्यांनी वायर मुकाट्यानं जुन्या फेजवर परत टाकली होती. त्यामुळं सोनमनं गेट उघडलं, ती दोन पायऱ्या चढली, आणि पडदा काळा. त्या दिवशी जरा उशिरा का होईना, शिवारात मोटारी सुरू झाल्या होत्या, आणि एम-सीलखालचा खटका २३० वरच पक्का होता.

“आबाऽऽ! बंद पडलं! जरा बघताय का?”



“अवो, पोरगी हाक मारतीया!” सरुबाई म्हणाल्या.

“मेस्त्री! ओ मेस्त्री!” कठड्यापलीकडून तानाबाई ओरडल्या. मग सगळं अंगणच ओरडायला लागलं, “मेस्त्रींना बोलवा! मेस्त्रींना बोलवा!”

दोन वर्षं ज्या हाकेसाठी माणूस झुरत होता, ती हाक एकदम तीस तोंडांनी आली. मेस्त्री आतल्या खोलीत कॉटवर होते. त्यांनी ती नीट ऐकली, शेवटपर्यंत ऐकली, मग वाकळ डोक्यावरून ओढून घेतली आणि आतूनच ओरडले,

“मी रिटायर झालोय!”